मधोमध बसवलेले आकडे

सातपूर, नाशिक
९ नोव्हेंबर २०२५

ताई,

आधी 'तीर्थस्वरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. तू माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, म्हणजे लिहायला हवं. पण साडेतीन वर्षांत जिने माझा एक फोन उचलला नाही तिला तीर्थस्वरूप म्हटलं की लाडीगोडी लावल्यासारखं दिसतं. तेवढी ताकद आता माझ्यात नाही. तुझ्या वैजूने गळ घातली म्हणून लिहायला बसले आहे.

तिचा फोन आला होता. म्हणाली, "मावशी, आई आता फारुखशेठच्या कांद्याच्या खळ्यावर मजुरीचा हिशेब बघती. शेठनी कॉम्प्युटर आणून ठेवलाय. आई त्याच्यापुढं बसती आन् नुसती बघत राहती. तू कायतरी लिहून पाठव. फोन ती घ्यायची नाय, पण कागद आला तर वाचल."

म्हणजे मखमलाबादचं घर बंद केलंस, झेंडूचे पंधरा गुंठे दुसऱ्याला कसायला दिलेस, सटाण्याला लेकीकडे जाऊन राहिलीस, आणि तिथेही एक्सेल तुझ्या पुढ्यात येऊन बसलंच. मला हसू आलं. मग नाही आलं.

जुना विषय मी काढणार नाही. बचत गटाच्या हिशेबात ४६,३०० रुपये कमी भरले, खजिनदार तू होतीस, तू ते भरून दिलेस. ते कशात गेले हे मी तेव्हाही विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. अडचण कोणाला नसते? बावीस बायकांपुढे तो आकडा मला सांगावा लागला याचं वाईट वाटतं, पण शीट मी बनवलं होतं, मीच नाही तर कोण सांगणार? माझ्या मनात आता काही नाही. तुझ्याही नसावं.

तर कामाचं. एकोणीस वर्षं मी हेच शिकवते आहे. पहिल्या पाळीहून सुटलेले कंपनीतले लोक तेलाच्या हातांनी येतात, त्यांना हेच सांगते, त्यांच्या मुलांना हेच सांगते. झोपेतसुद्धा सांगत असेन.

एका चौकटीत एकच माहिती लिहायची. 'हुस्नबानो ३ दिवस ३५० ने' असं एकाच चौकटीत कोंबलंस तर त्याचा गुणाकार कोणी करायचा? नाव एका रकान्यात, दिवस दुसऱ्यात, दर तिसऱ्यात.

दर शक्यतो वर कोपऱ्यात एकदाच लिही, समजा एफ-१ या चौकटीत. खाली गुणाकाराचं सूत्र देताना एफच्या आधी आणि एकच्या आधी डॉलरचं चिन्ह टाक. ती चिन्हं म्हणजे खुंटी. सूत्र खाली कितीही ओढत नेलं तरी दर जागचा हलत नाही. शेठनी उद्या साडेतीनशेचे तीनशे ऐंशी केले तर एकाच ठिकाणी बदलायचं, सगळ्या बायकांची मजुरी आपोआप बदलते.

स्वल्पविराम तू टाकू नकोस, तो मशीनला टाकू दे. मशीन सव्वा लाख लिहिताना तीन-तीन आकड्यांनंतर विराम देत असेल तर वैजूच्या नवऱ्याला, कुंदनला, सांग. सेटिंगमध्ये देश भारत केला की लाखाचा विराम लाखाच्या जागी येतो.

कांद्याच्या वजनाला भावाने गुणलं की पैशांचं शेपूट येतं. ते दिसायला कमी करता येतं, पण नुसतं दिसणं बदललं तर आतला आकडा तोच राहतो. चौकटीत ४१३ दिसेल आणि आत ४१२.६ असेल. शंभर ओळींची बेरीज मग डोळ्यांनी केलेल्या बेरजेशी जुळत नाही आणि माणूस उगाच डोकं धरून बसतो. त्यासाठी राऊंडचं सूत्र आहे, ते मागच्या पानावर लिहिलं आहे.

आणि थोडी सजावट कर. वरची ओळ ठळक, बारीक रेघा, सगळे आकडे चौकटीच्या मधोमध. नीटनेटकं शीट बघून शेठलाही बरं वाटेल. माझी शीटं तू पाहिलीच आहेस.

बाकी घाबरायचं काही कारण नाही. गटाच्या वेळी सांगितलं होतं तेच सांगते, वहीत लिहितेस तसंच लिही.

गुडघे दुखतात. इथे थंडी पडायला लागली आहे.

साधना


सातपूर
२३ नोव्हेंबर २०२५

ताई,

वैजूने तुझ्या शीटचा फोटो पाठवला. खाली तिचा मजकूर, 'मावशी, चाळीस बायांची मजुरी टाकली तरी बेरीज शून्य येती. आई म्हणती मशीन खराब हे.'

मशीन चांगलं आहे. तू प्रत्येक आकड्याच्या मागे तिरकी रेघ आणि आडवी रेघ ओढली आहेस. 350/-, 700/-, 1050/-. अगदी अण्णांसारखी. फुलबाजारातून आले की अण्णा वही उघडायचे आणि तुला जवळ बसवून सांगायचे, आकड्याच्या मागे रेघ ओढून तो बंद कर, नाहीतर कोणीही मागे एक शून्य चिकटवेल. मी तेव्हा लहान होते. मला ते फक्त ऐकून माहीत, तुझ्या हातात ते बसलं आहे.

कागदावर ते बरोबरच आहे. पण या मशीनला फक्त अंक कळतात. अंकाच्या मागे रेघ आली की त्या चौकटीतलं सगळं त्याच्या लेखी अक्षर होतं, म्हणजे एखाद्याचं नाव असावं तसं. नावांची बेरीज कशी करणार? ते भांडत नाही, चूक दाखवत नाही, गुपचूप ती चौकट सोडून पुढे जातं. हे मी दर बॅचला दुसऱ्याच दिवशी सांगते. तुला सांगितलं नव्हतं.

रेघा काढून टाक, बेरीज येईल. रुपयाचं चिन्ह हवं असेल तर फॉरमॅटमधून घे, हाताने लिहू नकोस.

मागच्या पत्रातलं सजावटीचं खोडून टाक. आकडे मधोमध अजिबात घेऊ नकोस. मशीन स्वतः होऊन अंक उजवीकडे सरकवतं आणि अक्षरं डावीकडे. तीच त्याची खूण. काही चुकलं असेल तर ते चुकीच्या बाजूला उभं राहिलेलं दिसतं. मधोमध केलं की दोन्ही सारखेच दिसतात, रकाना सुंदर दिसतो आणि कोणालाही काही कळत नाही. सुंदर दिसायला काय जातं!

रोज संध्याकाळी एक पडताळा करत जा. काउंट म्हणून सूत्र आहे, ते फक्त अंक असलेल्या चौकटी मोजतं. काउंट-ए सगळ्या भरलेल्या चौकटी मोजतं. एकाच रकान्यावर दोन्ही लाव. दोन्ही उत्तरं सारखी आली तर बेरजेवर विश्वास ठेव. नाही आली तर ठेवू नकोस. मशीन सांगतं म्हणूनसुद्धा ठेवू नकोस.

एक सहज विचारते. गटाच्या शीटमध्ये रिक्षा, हमाली, सुतळी, चहा असा किरकोळ खर्च तूच टाकायचीस ना? की कधी अध्यक्ष रंगूबाईही टाकायच्या? काही विशेष नाही, आपलं विचारलं.

आज जास्त लिहीत नाही. बरं वाटत नाहीये.

साधना


सातपूर
६ डिसेंबर २०२५

ताई,

तू उत्तर दिलं नाहीस. द्यायची गरजही नव्हती. मला उत्तर माहीत होतं.

तुझा तो फोटो बघितला आणि मी आधी हसले. मग उठून कपाटातून जुनी हार्ड डिस्क काढली. गटाची फाइल तिच्यात होती, २०२१-२२ ची. उघडली. तसंच सुंदर शीट, हिरवी ओळ, बारीक रेघा, सगळे आकडे मधोमध. खर्चाच्या रकान्यावर आधी काउंट-ए लावलं. दोनशे नोंदी. मग काउंट लावलं.

एकोणसत्तर.

राहिलेल्या एकशे एकतीस नोंदी तुझ्या होत्या. 350/- टेम्पो. 120/- हमाली. 80/- सुतळी. प्रत्येकीच्या मागे रेघ ओढून तू आकडा बंद केला होतास, आणि माझ्या सूत्राने त्यातली एकही मोजली नव्हती. मी सगळ्यांच्या रेघा काढल्या आणि त्या एकशे एकतीस नोंदींची वेगळी बेरीज केली. ४६,३००. एका रुपयाचाही फरक नाही.

तू काहीही घेतलं नव्हतंस. खर्च झाला होता, तू तो लिहिलाही होतास, आणि बेरजेत तो धरला गेला नाही म्हणून शिल्लक जास्त दिसत होती. तेवढी रक्कम तुझ्याजवळ नव्हती कारण ती कधी असणारच नव्हती.

हे वाचून तुला काय वाटेल मला माहीत नाही. मला काय वाटलं ते सांगते. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, कारण बाहेर चारची बॅच येऊन बसली होती. मग तोंड धुऊन त्यांना वर्तमान मूल्य आणि व्याज शिकवलं.

मला ती मीटिंग पुन्हापुन्हा आठवते. समाजमंदिराच्या भिंतीवर मी शीट मोठं करून दाखवत होते. तू उठून भिंतीजवळ गेलीस, बोट ठेवून म्हणालीस, "मी लिहिलंय की सगळं. हे काय, दिसतंय की." आणि मी म्हणाले, "त्यासकटच बेरीज आहे, ताई. कॉम्प्युटर चुकत नाही." तुझं बोट त्या चुकीवरच होतं. मी तुला खाली बसायला सांगितलं.

आणखी एक आहे, ते मी मागच्या पत्रात लपवलं. तुला वही बंद करायला मी लावली होती. "आता दोन-दोन ठिकाणी कशाला लिहितेस," म्हणाले होते. वही असती तर तू पाच मिनिटांत बेरीज करून माझ्या तोंडावर टाकली असतीस. आणि 'वहीत लिहितेस तसंच लिही' हेही माझंच वाक्य. तू ते शब्दशः पाळलंस. तू घाबरशील म्हणून मी रेघांचं सांगितलं नव्हतं. नंतर सांगू म्हटलं आणि राहून गेलं.

मीटिंगनंतर बाहेर चपला घालताना मी तुझ्या कानात काय म्हणाले तेही आठवतं. "भरून टाक ना. विषय वाढवू नकोस, माझंही नाव आहे." तिसऱ्या दिवशी तू आईच्या पाटल्या मोडल्यास. तू पैसे भरलेस त्यावरून सगळ्यांनी ठरवलं की तू घेतलेच होते. मीसुद्धा तेच धरलं.

आता मी काय ठरवलं ते सांगते. वैजूच्या खात्यावर आजच ४६,३०० पाठवले आहेत. पाटल्यांचा भाव आता बराच वाढला आहे, फरक मी दरमहा थोडा थोडा देईन. हे आपल्या दोघींत राहू दे. गटातल्या बायका आता विसरल्या आहेत, त्यांना पुन्हा जुनं उकरून काय सांगायचं? तुझं तुला मिळालं म्हणजे झालं.

ताई, मला माफ कर.

साधना


सातपूर
२२ डिसेंबर २०२५

ताई,

पैसे दुसऱ्याच दिवशी परत आले. वैजूने त्यावर काही लिहिलं नव्हतं. मला वाटलं तू रागाने परत केलेस. आठ दिवसांनी तुझ्या हातच्या कागदाचा फोटो आला. खळ्यावरच्या पावतीपुस्तकाच्या मागे लिहिलं आहेस. मी तो इतक्यांदा वाचला आहे की तुझ्याच शब्दांत इथे उतरवते, म्हणजे मी त्यात सोयीचं काही वगळलं नाही हे तुलाही कळेल.

"साधना, पैशाचं मी कधीच सोडलं. पाटल्या आईच्या होत्या, त्याचं वाईट वाटतं. पण मला तू एकटीनं खरं म्हणून काय उपयोग? तू एकटीनं खोटं म्हणलं नव्हतं. भिंतीवर दाखवून म्हणलं होतं. चिमणाबाई माझ्या दारावरून जायची बंद झाली. नवसाबाईनं लेकीच्या हळदीला बोलावलं नाही. मी गाव सोडलं ते पैशापायी नाही. तू त्या दिशी माझ्याकडं बघितलं बी नाही, भिंतीकडं बघून बोलत होतीस. आता तिथंच सांग. मग बघू."

ताई, तू म्हणतेस ते बरोबर आहे. पण माझंही ऐक. निदान लिहू तरी दे.

एका संस्थेने चाळीस बचत गटांच्या खजिनदारांना शिकवायचं काम मला देऊ केलं आहे. वर्षभराचं काम. क्लासमध्ये आता पोरं येत नाहीत, सगळं फोनवर फुकट शिकतात. आठ मशीनपैकी तीन बंद आहेत. भाडं तीन महिन्यांचं थकलं आहे. ते काम मला का मिळालं माहीत आहे? शिफारस रंगूबाईंनी केली. त्या अजून गटाच्या अध्यक्ष आहेत. त्यांनी तिथे सांगितलं की साधनाताईंनी आमच्या गटातला घोटाळा पकडला, सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही.

हे तुला लिहायचं नव्हतं. पण लपवून लपवून मी थकले आहे. तुझ्या बदनामीवर मला काम मिळालं, आणि ते मी घेतलं, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

आठवडाभर मी मनाशी नाना सबबी मांडल्या. मार्च संपेपर्यंत थांबू, काम संपलं की सांगू. एकट्या रंगूबाईंना सांगू, त्या बाकीच्यांना सांगतील. चिठ्ठी लिहून पाठवू. प्रत्येक सबब दिसायला नीटनेटकी होती.

गटाची मीटिंग दर महिन्याच्या पाच तारखेला असते. अजूनही समाजमंदिरातच. भिंत तीच आहे, फक्त तिला नवा रंग दिला आहे.

पाच तारखेला जाते.

साधना


सातपूर
८ जानेवारी २०२६

ताई,

झालं. जसं झालं तसं लिहिते. मध्ये मी बरी दिसेन असं काही आलं तर तेवढं सोडून वाच.

मी प्रोजेक्टर घेऊन गेले तेव्हा बायकांना वाटलं नवीन काही शिकवणार. रंगूबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. मी बसले नाही. म्हटलं, चार वर्षांपूर्वीचं शीट पुन्हा दाखवायचं आहे. चिमणाबाई म्हणाल्या, "आता कशाला ते? गेली ती बाई, झालं तिचं." मी म्हटलं, झालं नाही.

भिंतीवर शीट लावलं. सगळे आकडे मधोमध, छान. मी म्हटलं, आता मी फक्त मधोमध केलेलं काढते, बाकी कशालाही हात लावत नाही, तुम्ही बघत राहा. रकाना धरला आणि बटण दाबलं. एकोणसत्तर आकडे उजवीकडे सरकले, आणि तुझे एकशे एकतीस डावीकडे जाऊन उभे राहिले. ताई, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ते दिसलं. मग मी सांगितलं की डावीकडचे या मशीनने मोजलेच नव्हते. सगळ्यांसमोर त्यांच्या रेघा काढल्या. खालची बेरीज वाढत वाढत गेली आणि तूट शून्यावर आली.

मग चिमणाबाईंनी विचारलं, "मंग मनीषानं घेतलं नव्हतं?"

या वेळी मी भिंतीकडे पाठ केली होती. मी म्हटलं, "नाही. तिने सगळं लिहिलं होतं. बेरीज माझी चुकली. तिला कसं लिहायचं ते मी शिकवलं नाही, आणि ती दाखवत होती तेव्हा मी ऐकलं नाही."

"आन् तिनं भरलेले पैसे?" नवसाबाई म्हणाल्या.

"ते गटाकडे जास्तीचे आले. त्यातून आपण वजनकाटा आणि क्रेट घेतले."

सगळ्या जणी कोपऱ्यातल्या काट्याकडे बघायला लागल्या. रंगूबाई उठल्या. त्यांचा आवाज चढला होता. "आम्ही तिला चोर म्हणलं नव्हतं, साधना. तू म्हणलीस. तू शिकलेली, तू तिची सख्खी बहीण. तुझं नाय तर कुणाचं खरं मानायचं आम्ही? मी त्या संस्थेत जाऊन तुझं कौतुक करून आले!"

मी म्हटलं, संस्थेला मी सकाळीच फोन केला, सगळं सांगितलं. त्यांनी 'कळवतो' म्हटलं आहे. अजून कळवलेलं नाही. कळवणार नाहीत असं वाटतं.

चिमणाबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "तिचा नातू आजोळी आला व्हता त्या साली. माझ्या बोरीखाली उभा राहिला व्हता. मी त्याला हाकललं. आठ वर्साचं पोरगं." एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मग आणखी दोघी-तिघी.

प्रोजेक्टर आवरायला लागले तर चिमणाबाईंनीच थांबवलं. "भिंतीवरचं आम्हाला कळत नाय. बटण दाबलं की इकडं जातं, बटण दाबलं की तिकडं. तू कागदावर लिही. तिनं जेवढं लिहिलं व्हतं तेवढं सगळं, आत्ताच्या आत्ता. आम्ही खाली अंगठे देतो."

कोणीतरी दुकानातून लाल पुठ्ठ्याची वही आणली. मी खाली मांडी घालून बसले आणि भिंतीवरून एक एक नोंद उतरवायला लागले. गुडघ्यांचं काय झालं असेल ते तुला सांगायला नको. १४ एप्रिल, टेम्पो, ३५०. चिमणाबाई शेजारी बसून बघत होत्या. त्यांना आकडे वाचता येतात. म्हणाल्या, "मागं रेघ ओढ. नायतर कुणी बी शून्य टाकल."

मी रेघ ओढली. एकशे एकतीस वेळा ओढली.

मग बेरीज. मी मोबाइल काढला तर नवसाबाई म्हणाल्या, "तोंडी कर." ताई, एकोणीस वर्षं आकडेमोड शिकवणाऱ्या बाईला चार पानांची बेरीज हाताने करता येईना. पहिल्यांदा ४६,२५० आली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, जशा तेव्हा तुझ्याकडे बघत होत्या. पन्नास रुपये कुठे गेले ते सापडेना. तुझ्यावर काय वेळ आली होती ते मला तेव्हा कळलं, आणि माझ्यावर तर कोणी आरोपसुद्धा केला नव्हता. मग दिसलं, तिसऱ्या पानावर हातचा पाच धरायचा राहिला होता. दुसऱ्यांदा ४६,३०० आली. तिसऱ्यांदाही तेवढीच.

बेरजेखाली मी लिहिलं, 'हा सर्व खर्च मनीषाताईंनी गटासाठी केला. त्यांच्याकडे गटाचे काही येणे नव्हते. गट त्यांचे देणे लागतो.' खाली तेरा सह्या आहेत आणि आठ अंगठे. रंगूबाईंची सही सगळ्यात शेवटी आहे. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पण सही केली. गटाने ठरवलं आहे की तुझे पैसे चार हप्त्यांत परत करायचे, आणि पहिला हप्ता द्यायला चिमणाबाई स्वतः सटाण्याला येणार आहेत. बोरं घेऊन येते म्हणाल्या. त्यांना दारात उभं करायचं की आत घ्यायचं ते तू बघ. माझ्याबद्दल मी काहीच म्हणत नाही.

वही या पत्रासोबत रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. तुझी आहे ती. माझं अक्षर वाईट झालं आहे, हाताने लिहायची सवयच राहिली नाही.

बेरीज मी तीनदा केली आहे, तरी तू एकदा करून बघ. चुकली असेल तर सांग. या वेळी मी ऐकून घेईन.

साधना